कुलूप एकीचे, शीर्षक दुसरीचे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतरांनाही कळेल. नाओशी कोमी यांची ‘निसेकोई’ ही मांगा-मालिका, म्हणजे हप्त्यांनी येणारी जपानी चित्रकथा, तुम्ही पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या, म्हणजे २२९व्या, प्रकरणापर्यंत वाचलीत. शेवटी राकू इचिजो या नायकाने कोसाकी ओनोदेराला नकार दिला आणि चितोगे किरिसाकीची निवड केली, आणि तेव्हापासून आपण फसवले गेलो ही भावना तुमच्या मनातून जात नाही. वाचकांच्या पसंतीच्या दबावाखाली लेखकाने हा शेवट फिरवला का, ओनोदेरा हरली ती तिच्या भिडस्त स्वभावामुळे का, आणि लहानपणच्या वचनाच्या खुणांना शेवटी काहीच मोल उरणार नव्हते तर त्या २५ खंडभर जपल्या कशाला, असे तुम्ही विचारता.

मी गेली बावीस वर्षे मराठी दैनंदिन मालिकांसाठी कथाविस्तार आणि पटकथा लिहिते. त्याआधी पुण्यात जपानी शिकले आणि काही काळ शिकवलीही, त्यामुळे मांगा वाचण्याची सवय तेव्हापासूनची आहे. चित्रकथा काढणे हे माझे काम नव्हे. पण कधी संपणार हे ठाऊक नसलेली गोष्ट हप्त्याहप्त्याने लिहीत राहणे हे माझे रोजचे काम आहे, आणि ‘निसेकोई’चे दुखणे मला चित्रांत किंवा पात्रांत दिसत नाही, ते या हप्त्यांत दिसते. माझे मत आधीच सांगून टाकते: चितोगेची निवड चुकीची नव्हती, आणि तुमची निराशाही चुकीची नाही.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. राकू हा जपानी गुंडांच्या एका टोळीच्या म्होरक्याचा मुलगा आहे, पण त्याला टोळी नको आहे. नीट शिकून सरकारी नोकरी धरावी एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा आहे, आणि मराठी वाचकाला ती समजावून सांगण्याची गरज पडू नये. त्याच्या गळ्यात एक कुलूपबंद पदक असते. दहा वर्षांपूर्वी एका मुलीने ‘पुन्हा भेटू तेव्हा लग्न करू’ असे वचन देऊन त्याची किल्ली स्वतःजवळ ठेवली, एवढे त्याला आठवते, पण तिचा चेहरा आणि नाव आठवत नाही. माध्यमिक शाळेपासून त्याचे ओनोदेरावर मूक प्रेम आहे, आणि तिचेही त्याच्यावर तितकेच मूक प्रेम आहे. अशातच अमेरिकेतून आलेली चितोगे शाळेच्या भिंतीवरून उडी मारताना गुडघ्याने त्याचे तोंड फोडते, आणि पुढे कळते की ती प्रतिस्पर्धी टोळीच्या म्होरक्याची मुलगी आहे. दोन टोळ्यांतला रक्तपात टळावा म्हणून या दोघांना तीन वर्षे प्रेमी युगुलाचे सोंग आणावे लागते. ‘निसे’ म्हणजे खोटे आणि ‘कोई’ म्हणजे प्रेम. शीर्षक त्या सोंगावरून आलेले आहे.

आता या मांडणीत लेखकाने वाचकाशी किती करार केले ते मोजून पाहा. पहिला करार शीर्षकात आहे. ‘खोटे प्रेम’ असे नाव दिलेल्या गोष्टीत ते प्रेम खरे होणार, हे न सांगता सांगितलेले असते. ते शेवटपर्यंत खोटेच राहिले असते तर ती वेगळ्याच जातीची, बरीच कडवट गोष्ट झाली असती. दुसरा करार त्या कुलपात आहे. कुलूप दाखवले की ते उघडावे लागते, आणि ज्या हातात किल्ली त्या हातात नायकाचा हात, अशी या प्रकारच्या मांगाची जुनी वहिवाट आहे. केन अकामात्सू यांच्या ‘लव्ह हीना’मध्ये नायकाने बालपणी जिला वचन दिले तीच शेवटी त्याची होते; वाचकांची एक पिढी त्या वहिवाटीवर वाढली. कोमी यांनी शीर्षकाचा करार चितोगेशी केला आणि कुलपाचा ओनोदेराशी, कारण वचनातली मुलगी शेवटी ओनोदेराच निघते. एकच खोली दोन भाडेकरूंना देऊन दोघांकडून अनामत घेतली, तर ताबा कुणालाही मिळाला तरी दुसरा दाराशी येऊन भांडणारच. तुम्ही त्या दुसऱ्या करारावर विश्वास ठेवलात आणि पाच वर्षांचे भाडे भरलेत. आता करारच नव्हता असे कुणी म्हणाले तर ते तुम्ही मान्य करण्याचे कारण नाही.

वाचकांच्या दबावाची शंका मात्र मला पटत नाही. ही मालिका ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात नोव्हेंबर २०११ ते ऑगस्ट २०१६ अशी चालली. त्या साप्ताहिकात वाचकांसाठी एक कार्ड असते, त्यावर त्या अंकातल्या आवडलेल्या तीन मालिका कळवायच्या असतात, आणि ज्या मालिका सतत तळाशी राहतात त्यांना लवकर गाशा गुंडाळावा लागतो. कोमी यांनी याची झळ स्वतः सोसलेली होती. २००८ साली याच साप्ताहिकात सुरू झालेली त्यांची ‘डबल आर्ट्स’ ही मालिका तीन खंडांतच संपवावी लागली. त्यामुळे पुढच्या मालिकेत प्रत्येक आठवडा तगून राहण्याची धास्ती त्यांना असणार, हा अंदाज कुणीही बांधू शकेल. पण पसंतीचे आकडे लेखकाला काय करायला लावतात आणि काय नाही, हे मी जवळून पाहिले आहे. आमच्याकडे दर गुरुवारी टीआरपी येतो. तो आला की ट्रॅक लांबतो, एखादी खलनायिका तुरुंगातून आठ दिवस आधी सुटते, ठरलेला साखरपुडा गणपतीनंतर ढकलला जातो. मात्र नायकाने कुणाशी लग्न करायचे हे त्या आकड्यांमुळे बदलल्याचे मी बावीस वर्षांत फार क्वचित पाहिले. टीआरपी नवरी ठरवत नाही, तो मुहूर्त ठरवतो. ‘निसेकोई’तही तेच झाले असावे, असे मला कथेच्या रचनेवरूनच वाटते: नवरी शीर्षकापासून ठरलेली होती, लांबत गेला तो मुहूर्त.

हा मुहूर्त कशाच्या बळावर लांबला, यात माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. राकू आणि ओनोदेरा यांचे एकमेकांवर प्रेम आहे हे वाचकाला जवळपास सुरुवातीपासून ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त त्या दोघांना. म्हणजे तिने एक वाक्य पूर्ण उच्चारले, किंवा त्याने उच्चारले, की गोष्ट संपली. ज्या मालिकेला २२९ आठवडे चालायचे आहे तिच्यात ते वाक्य २२८ वेळा अडवावे लागते. म्हणून कुणीतरी मध्येच दार उघडते, काहीतरी फुटते, कुणाला तरी ताप येतो, कधी शब्द तोंडातून निघतात पण समोरचा झोपलेला असतो. ओनोदेरा भिडस्त आहे म्हणून गोष्ट लांबली असे आपल्याला वाटते, पण क्रम उलटा आहे: गोष्ट लांबवायची होती म्हणून ओनोदेराला भिडस्त ठेवणे भाग होते. ती या मालिकेची नायिका होती की नव्हती यावर लोक भांडत राहोत. मालिका लिहिणारी म्हणून मला ती या गाडीचा ब्रेक दिसते. गाडी उतारावर सुटू नये म्हणून ब्रेक दाबून धरलेला असतो, आणि जो भाग सतत दाबून धरलेला असतो त्याला स्वतःची हालचाल कधीच करता येत नाही.

चितोगेच्या बाबतीत ही अडचण नव्हती. तिला प्रेमापर्यंत पोहोचायचे होते, त्यामुळे तिला रस्ता होता: तिटकारा, मग सवय, मग भांडणातली जवळीक, मग स्वतःलाच न कळलेला मत्सर, मग कळणे, मग कळल्यामुळे आलेली भीती. प्रत्येक टप्प्यावर एक-एक खंड सहज निघतो, आणि दर टप्प्यावर ती बदललेली दिसते. ओनोदेरा मात्र पहिल्याच दिवशी मुक्कामाला पोहोचलेली होती आणि पुढची पावणेपाच वर्षे तिला तिथे नुसते उभे राहायचे होते. आपण वाचकांनी त्या उभे राहण्याला निष्ठा म्हटले. ती निष्ठा होती हे मी नाकारत नाही, पण लेखकाच्या सोयीने लादलेली स्थिरताही होती. शेवटी तराजूत एका पारड्यात बदललेली, वाढलेली मुलगी आली आणि दुसऱ्या पारड्यात जशी होती तशीच ठेवलेली मुलगी. तेव्हा तोल कुठे झुकणार हे उघड होते. ‘ओनोदेराने वेळेत सांगायला हवे होते’ असे जे तिला ऐकवले जाते, ते म्हणूनच मला अन्यायाचे वाटते. तिचे तोंड ज्याने पाच वर्षे दाबून धरले, त्याच्याच गोष्टीत तिने बोलायला हवे होते अशी ही तक्रार आहे.

याचा एक नमुना मालिकेत तसा लवकर येतो, आणि हिच्यावरून केलेल्या अॅनिमे-मालिकेचा, म्हणजे अॅनिमेशन रूपाचा, २०१४ सालचा पहिला हंगामही त्याच प्रसंगावर येऊन थांबतो. शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवात ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ करायचे ठरते. राकू रोमिओ, ओनोदेरा ज्युलिएट. ऐन वेळी तिच्या पायाला दुखापत होते आणि तिची भूमिका चितोगेला करावी लागते. चितोगे आणि राकू यांचे तेव्हा बिनसलेले असते. रंगमंचावर दोघे संवाद विसरून खरेच भांडू लागतात आणि प्रेक्षकांना त्यातच मजा येते. पहिल्यांदा वाचताना मी हसले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की पुढची सगळी मालिका इथे एका प्रसंगात आटोपली आहे. भूमिका रीतसर ओनोदेराला मिळाली होती, तिने ती पाठही केली होती. ती गेली ती पाय मुरगळल्यामुळे, कमी पडल्यामुळे नाही. आणि चितोगेने ती निभावली ती स्वतःच्या पद्धतीने, ठरलेली संहिता मोडून. वचन, किल्ली, पहिले प्रेम ही सगळी संहिता ओनोदेराच्या बाजूने होती, आणि संहितेबाहेर जे घडत होते ते सगळे चितोगेच्या बाजूने.

एक गोष्ट भाषांतरातून निसटते ती इथेच सांगते. जपानीत कुणाला आडनावाने हाक मारायची आणि कुणाला पाळण्यातल्या नावाने, यावर नात्याचे अंतर मोजले जाते. बहुतेक सगळ्या कथेत राकू तिला ‘ओनोदेरा’ म्हणतो आणि ती त्याला ‘इचिजो-कुन’ म्हणते. म्हणजे दोघेही एकमेकांच्या उंबऱ्याबाहेर आदराने उभी असतात. चितोगेला मात्र तो लवकरच नावाने हाक मारू लागतो, आणि ती त्याला सुरुवातीला ‘मोयाशी’ म्हणते. मोयाशी म्हणजे मोड आलेले कडधान्य, त्या लांबट फिकट कोंबांवरून हडकुळ्या, दुबळ्या मुलाला दिलेले नाव. आपल्याकडचा ‘पाप्याचे पितर’ हा शब्द त्या जागी चपखल बसेल. शिवीतून सुरू झालेल्या नात्याला जवळ यायला किती जागा होती, आणि आदरातून सुरू झालेल्या नात्याला किती कमी, हे केवळ या हाकांवरूनही लक्षात येते. त्याशिवाय जपानी शाळकरी प्रेमकथेत कबुलीला, म्हणजे ‘तू मला आवडतेस, माझ्याशी नाते जोडशील का’ असे तोंडी विचारण्याला, जवळजवळ सहीशिक्क्याचे मोल असते. ते झाल्याशिवाय मनातले काहीच हिशेबात धरले जात नाही. त्यामुळे राकू आणि ओनोदेरा यांचे परस्परांवरचे इतक्या वर्षांचे प्रेम त्या जगाच्या नियमांनुसार नोंदलेच गेले नव्हते.

खुणांच्या बाबतीत मात्र लेखकाची बाजू घेण्यासारखे माझ्यापाशी फारसे काही नाही. एक किल्ली असती तर रहस्य होते. ओनोदेराकडे किल्ली निघाली, मग चितोगेकडे निघाली, मग राकूवर प्रेम करणाऱ्या आणखी दोघींकडे, आधी मारिका ताचिबानाकडे आणि मग युईकडे; एकदा तर किल्ली कुलुपातच मोडली. दहा वर्षांपूर्वी सगळ्याच मुली त्या एकाच ठिकाणी होत्या असे निघाले, आणि कुणालाच काही धड आठवत नव्हते. विस्मरण हे हप्त्यांनी लिहिणाऱ्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे; आमच्याकडे त्यासाठी डोक्यावर आपटून घ्यावे लागते, एवढाच फरक. प्रत्येक नव्या किल्लीने आणखी बऱ्याच प्रकरणांची बेगमी झाली, पण कुलपाचे मोल तेवढेच उतरले. शेवटी ‘ती मुलगी ओनोदेरा होती’ हे कळते तेव्हा ते राकूच्या निर्णयाला कारण होत नाही आणि अडसरही होत नाही. लेखकाला म्हणायचे होते ते मला समजते: दहा वर्षांपूर्वीच्या वचनापेक्षा आजची ओढ मोठी. हा विचार चांगलाच आहे. पण तो वाचकाच्या गळी उतरायचा तर त्या वचनाचे वजन आधी पूर्ण जाणवून द्यायला हवे होते, आणि मग ते वजन बाजूला ठेवताना राकूचा हात थरथरताना दिसायला हवा होता. इतक्या किल्ल्या वाटून झाल्यावर त्या कुलपाला वजनच उरले नव्हते.

अशा गोष्टी इतरांनी कशा निभावल्या हे पाहिले तर उणीव नेमकी कुठे आहे ते कळते. याच साप्ताहिकात २००२ ते २००५ दरम्यान आलेली मिझुकी कावाशिता यांची ‘इचिगो १००%’ तुम्ही वाचली नसेल तर वाचा, कारण तिच्यात जवळजवळ हाच पेच आहे. शाळेच्या गच्चीवर दिसलेली मुलगी ही तिथली खूण. ती मुलगी म्हणजे आया तोजो. ती गोष्टी लिहिते, नायकाला चित्रपट करायचे आहेत, दोघांचे स्वप्न एकच. तरीही नायक शेवटी त्सुकासा निशिनोचा होतो, आणि तेही ती पॅरिसला मिठाईचे काम शिकायला जाऊन परत आल्यावर. तिथेही आयाच्या बाजूचे वाचक चिडले, आजही चिडतात. पण तिथे आयाला लेखनाचा स्वतःचा रस्ता आहे, नायक तिला मिळाला नाही तरी ती कुठेतरी पोहोचते. ओनोदेराला मालिकेने प्रेमाखेरीज दुसरे काही फारसे हवे होऊ दिले नाही.

खरा धडा मात्र रुमिको ताकाहाशी यांच्या ‘मेझोन इक्कोकू’त आहे. ती १९८० ते १९८७ अशी चालली, १५ खंडांची आहे, आणि माझ्या मते प्रेमत्रिकोण कसा सोडवावा याचे तिच्याहून चांगले उदाहरण मांगात नाही. एका जुनाट भाड्याच्या वाड्याची व्यवस्थापक असलेली तरुण विधवा क्योको, तिच्यावर जीव टाकणारा, परीक्षेत नापास होत राहणारा गोदाई, आणि श्रीमंत, देखणा टेनिस प्रशिक्षक मिताका. तिथेही गैरसमजांचा पाऊस आहे. इतकेच काय, मिताकाचा पत्ता कापला जातो तो शुद्ध विनोदी अपघाताने: कुत्री गाभण राहते, आणि त्याला वाटते की त्याच्यामुळे एक मुलगीच गरोदर राहिली आहे, म्हणून तो जबाबदारी म्हणून तिच्याशी लग्न ठरवतो. त्याहून सोयीस्कर सुटका मीसुद्धा लिहिली नसती, आणि मी बरेच काही लिहिले आहे. तरी वाचक चिडत नाही. कारण तिथे काळ खरोखर पुढे सरकतो. गोदाई प्रवेशपरीक्षा देतो, पदवी घेतो, नोकरीसाठी वणवण करतो, बालवाडीत काम करतो, आणि मिताका बाजूला होतो तोवर तो क्योकोसमोर उभा राहण्याच्या लायकीचा झालेला असतो. शिवाय खरा तिसरा माणूस मिताका नसतोच; तो क्योकोचा दिवंगत पती असतो. त्याच्या थडग्यासमोर उभा राहून गोदाई कबूल करतो की त्याच्या आठवणींसकट क्योकोला आपण स्वीकारतो आहोत. नाकारलेल्या पर्यायाला अशी मानाची जागा मिळाली की वाचकाचा राग शमतो. राकूला त्या वचनासमोर असे उभे राहावे लागले असते तर तुम्ही आज मला हा प्रश्न विचारला नसता.

पळवाटा दुसऱ्याही आहेत. ताइशी त्सुत्सुई यांच्या ‘आम्हाला अभ्यास येत नाही’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या मालिकेने २०२० साली पाच मुलींसाठी पाच वेगवेगळे शेवट दिले; सगळे खूश झाले, आणि माझ्या मते कुणालाच काही मिळाले नाही, कारण ज्या निवडीत काही गमवावे लागत नाही ती निवड नव्हे. केई सासुगा यांच्या २८ खंडांच्या ‘डोमेस्टिक गर्लफ्रेंड’मध्ये एकीला अपघात होतो, ती पाच वर्षे बेशुद्ध पडून राहते आणि शेवटी नायक तिच्याशी लग्न करतो, दुसरीपासून त्याला मूल झालेले असूनही. तिथे निवड माणसाने केलीच नाही, गाडीच्या धडकेने केली. या दोन्हींशी तुलना करता कोमी यांनी एक काम धीटपणे केले, ते मान्य करायला हवे: राकूचे दोघींवर प्रेम आहे हे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि त्याला स्वतःच्या तोंडाने एकीला ‘नाही’ म्हणायला लावले. मारिकाच्या बाबतीत तर त्यांनी हे अधिक चांगले केले. तिचे बळजबरीने ठरवलेले लग्न मोडण्यासाठी सगळे मित्र तिथे घुसतात, तो दीर्घ भाग पूर्ण तिचा आहे, आणि तिला मिळणारा नकार तिच्या सगळ्या धडपडीला शोभेल इतका मोठा आहे. मारिकाचे चाहते शेवटाबद्दल तुलनेने शांत आहेत, ते उगाच नाही. तिला नकार मिळाला, पण पुरती जागाही मिळाली.

ओनोदेराला ती जागा मिळाली नाही. दहा वर्षांपूर्वी जिथे वचन दिले गेले त्याच ठिकाणी ती राकूला भेटते, अखेर ते अडवलेले वाक्य पूर्ण करते, आणि तो नाही म्हणतो. प्रसंग सुंदर आहे. दोघांनाही अश्रू आवरत नाहीत, आणि शेवटी तीच त्याला चितोगेकडे जायला सांगते. पण साप्ताहिकातल्या प्रकरणाला वीसेक पाने असतात, आणि पुढच्या आठवड्यात आपण चितोगेपाशी पोहोचलेले असतो, त्यानंतर तर थेट अनेक वर्षांची उडी. आमच्या भाषेत याला लीप म्हणतात, आणि लीप घेण्याचे खरे कारण बहुतेक वेळा एकच असते: मधले लिहायला वेळ उरलेला नसतो. पावणेपाच वर्षे तुंबलेल्या वाक्याला एक प्रकरण, आणि त्यानंतरच्या दुःखाला शून्य प्रकरणे. मला वाटते तुम्हाला जे सलते ते हे आहे. राकूने ओनोदेराला निवडले असते आणि चितोगेला इतक्याच घाईने निरोप दिला असता तर तुम्ही आनंदाने पुस्तक मिटले असते, पण चितोगेच्या बाजूचे कुणीतरी मला हेच पत्र लिहीत बसले असते.

यात कुणाला दोष द्यावा हे मला सांगता येत नाही, कारण मी स्वतः हे केले आहे. एका मालिकेच्या बाराव्या भागात मी नायिकेच्या आजीच्या ट्रंकेत एक न उघडलेले पाकीट ठेवले होते. त्यात काय आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. भाग संपवायला काहीतरी हवे होते. सहाशेहून अधिक भाग ते पाकीट कधी हरवले, कधी भिजले, कधी चुकीच्या माणसाच्या हाती पडले. मग वाहिनीने तीन आठवड्यांत गुंडाळा असे कळवले, तोवर आजीचे काम करणाऱ्या बाई मालिका सोडून गेल्या होत्या, आणि ते पाकीट आम्ही सोमवारच्या भागात चार मिनिटांत उघडले. काही महिन्यांनी साताऱ्याला एका कार्यक्रमात एक आजी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ताई, पाकिटात एवढंच होतं का हो?” मला उत्तर देता आले नाही. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि पुढे गेले.

तुम्ही चिडलात तो महिना त्या साप्ताहिकाच्या वाचकांना एकूणच जड गेला होता. ‘निसेकोई’ ८ ऑगस्ट २०१६च्या अंकात संपली, आणि दोनच आठवड्यांनी ‘ब्लीच’ ही तिथलीच मालिका संपली, तिच्यातल्या जोड्यांवरून तर त्याहून मोठा गदारोळ झाला. त्या भांडणांत ‘कोण जिंकली, कोण हरली’ हीच भाषा होती. जपानीत तर हरणाऱ्या नायिकेसाठी वेगळा शब्दच रूढ आहे. त्या भाषेत विचार केलात तर ‘निसेकोई’कडून तुम्हाला समाधान मिळणार नाही. पुन्हा वाचायची असेल तर कुलपाकडे दुर्लक्ष करा, आणि फक्त ओनोदेरा ज्या प्रसंगांत काही करते तेवढे पाहा. एक बारीक गोष्ट दिसेल. तिच्या घरचे मिठाईचे दुकान आहे, आणि तिच्या हातच्या पदार्थांना चव अशी नसतेच, जे खातात ते आडवे होतात. पण त्यांची सजावट मात्र ती इतकी देखणी करते की पाहणाऱ्याला शंका येऊ नये. पहिल्या खंडांपासून चालत आलेला हा विनोद आहे. शेवटच्या प्रकरणात राकू आणि चितोगेच्या लग्नाचा केक ओनोदेरा करते. तुम्हाला त्या प्रसंगाचा सर्वांत जास्त राग आला, असे तुम्ही लिहिले आहे. मलाही आला होता. आता मात्र तो केक मी चित्रात पाहते तेव्हा मला तिच्याकडून करवून घेतलेला त्याग कमी दिसतो आणि एक भाबडी शंका जास्त येते: त्याची सजावट तिने केली हे तर दिसतेच आहे, पण आतला केकही तिनेच भाजला असेल, आणि तो खाऊन कुणी आडवे झाले नसेल, तर मधल्या न दाखवलेल्या वर्षांत ही मुलगी कुठेतरी नक्की पोहोचली होती.